मराठी व्हिडिओची कॅप्शन्स शेवटच्या पाच मिनिटांत उरकू नका

मी व्हिडिओ एडिटिंग करतो. शेतीची चॅनेल्स, कीर्तनं, मुलाखती, दुकानांच्या रील्स, जे येईल ते. या कामात एक गोष्ट मला मनापासून खटकते. कलर, म्युझिक, थंबनेल यांवर आपण रात्र रात्र घालवतो आणि कॅप्शन्सची, म्हणजे बोलणं खाली अक्षरांत दाखवायची, वेळ आली की ऑटोचं बटण दाबतो (मग मशीनच ऐकून लिहितं), जे येईल ते पिवळं करतो आणि रेंडर लावतो, म्हणजे अंतिम व्हिडिओ फाइल बनवायला टाकतो. आलेलं वाचूनसुद्धा बघत नाही.

मागच्या हंगामात कांद्यावरच्या करपा रोगाचा एक व्हिडिओ माझ्याकडे आला होता. शेतात वारा होता, माइक साधा. व्हिडिओतले शेतकरी दादा औषधाचं माप बोलले, "लिटरला अडीच ग्रॅम". ऑटोने लिहिलं, "लिटरला वीस ग्रॅम". आता हा व्हिडिओ कोणी एसटीत, आवाज बंद करून बघितला, तर त्याच्या डोक्यात वीसच बसणार. पंपात आठपट औषध गेलं तर पिकाचं काय होईल ते शेतकऱ्याला सांगायला नको. सव्वा, दीड, पाऊण, अडीच हे शब्द मशीन फार वेळा चुकतं, आणि मापं तर आपण त्याच शब्दांत सांगतो. म्हणून माझा नियम आहे: बाकी काही राहिलं तरी चालेल, पण आकडा, औषधाचं नाव, गावाचं नाव आणि माणसाचं नाव हेडफोन लावून पुन्हा ऐकल्याशिवाय फाइल हातावेगळी करायची नाही.

मशीनला माझा विरोध नाही, उलट रोज वापरतो. ओपनएआयने सप्टेंबर 2022 मध्ये व्हिस्पर हे बोलणं ऐकून लिहिणारं मॉडेल खुलं केलं, त्यात मराठी आहे. आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत या संशोधन गटाने भारतीय भाषांसाठी अशी मॉडेल्स केली आहेत, सरकारचा भाषिणी हा भाषांसाठीचा प्लॅटफॉर्म आहे. कच्चा मसुदा मिळतो, टायपिंगचा बराच वेळ वाचतो. पण तो कच्चाच असतो. त्यात अनेक जण भाषेची सेटिंग हिंदीवरच ठेवतात. मग 'आहे'चं 'है' होतं, 'ळ' गायब होतो आणि 'काळ बदलला'चं 'काल बदला' छापून येतं.

बोलीची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. अमरावतीचा माणूस "काय करून राहिला बे" म्हणतो आणि खाली येतं "काय करत आहेस". हे मशीनही करतं आणि दुरुस्त करायला बसलेली माणसंही करतात, 'शुद्ध' करायचं म्हणून. माणूस बोलला तसंच लिहा. मालवणी "खंय" ऐकू येत असेल तर खाली "कुठे" का? ज्याला ऐकू येत नाही, त्याला बोलणाऱ्याचं गाव फक्त त्या ओळीतूनच कळणार आहे.

माझ्या आत्येभावाला जन्मापासून ऐकू येत नाही. 2011 च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्या लोकांची नोंद 50 लाखांच्या वर आहे, त्यातला तो एक. हल्ली रील्समध्ये एकेक शब्द उड्या मारत येतो, रंग बदलतो, इमोजी फुटतो. त्याने मला एकदा खुणांनी सांगितलं की यात वाक्य हातालाच लागत नाही, पुढचा शब्द येईपर्यंत मागचा गेलेला असतो. त्याची पहिली भाषा खुणांची आहे, लिहिलेली मराठी तो नंतर शिकला. त्याला अख्खं वाक्य समोर लागतं, थोडं थांबलेलं. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे, त्याच्या कलम 42 मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांत क्लोज्ड कॅप्शनिंग (चालू-बंद करता येणारी कॅप्शन्स) असावं असं स्पष्ट म्हटलंय. एवढं असून कितीतरी सरकारी योजनांचे व्हिडिओ कॅप्शनशिवायच फिरतात. त्या योजनांची माहिती मिळवायला माझ्या भावाने शेजाऱ्यांना विचारत बसायचं का?

फायदा फक्त त्याचा नाही. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारींनी 1996 मध्ये एक कल्पना मांडली: गाण्याखाली त्याच भाषेत शब्द दाखवा, लोक आपोआप वाचायला लागतील. 2002 पासून दूरदर्शनच्या चित्रहारमध्ये ते प्रत्यक्ष झालं. पुढे झी टॉकीजवर मराठी चित्रपट मराठी सबटायटल्ससह दाखवले गेले. अक्षरं जेमतेम जुळवणाऱ्या माणसाला आवडीच्या गाण्याने वाचनाचा सराव होतो. म्हणूनच रोमन लिपीत "tumhi kase aahat" छापणं मला अजिबात पटत नाही. मराठी शाळेत शिकलेल्या माणसासाठी ते देवनागरीतच हवं.

आता थोडं कामाचं. प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी तुटते, 'स्थि'ची पहिली वेलांटी उजवीकडे जाऊन बसते, 'राष्ट्र'मधल्या जोडाक्षरांचे पाय मोडतात, तेव्हा दोष फॉन्टचा नसतो. प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्समध्ये जाऊन टेक्स्ट इंजिन 'साऊथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा आणि टायटल नव्याने घ्या. श्रीलिपी या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमधला मजकूर तसाच चिकटवू नका, आधी युनिकोड करा, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा रूपात बदला. फॉन्ट म्हणाल तर 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मुक्ता' फुकट आहे आणि छोट्या मोबाइलवरही स्वच्छ दिसतो. पैसे नसतील तर दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत सबटायटल ट्रॅक आहे, 'सबटायटल एडिट' नावाचं सॉफ्टवेअरही मोफत आहे.

दोन ओळींच्या वर जाऊ नका, एक कॅप्शन सात सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका. सॉफ्टवेअर 'अक्षरं जास्त झाली' म्हणून लाल करतं तेव्हा मात्र डोळे झाकून वाक्य कापू नका. 'क्षत्रिय' आपल्याला तीन अक्षरं दिसतात, सॉफ्टवेअर हलन्त आणि वेलांटी सुटी धरून आठ मोजतं. इंग्रजीसाठी ठरवलेली मर्यादा आपल्याला जशीच्या तशी लागू होत नाही. स्वतः मोठ्याने वाचून बघा, तेवढ्या वेळात वाचून झालं की पुरे.

आणि शक्य तिथे कॅप्शन्स चित्रात भाजून, म्हणजे कायमची चिकटवून, टाकू नका, एसआरटी फाइल वेगळी द्या. साधी टेक्स्ट फाइल असते: क्रमांक, सुरू-बंद होण्याची वेळ, मजकूर, मग एक रिकामी ओळ. सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-8 (मराठी अक्षरं जपणारा प्रकार) निवडलं नाही तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, तेवढं सांभाळा. ती फाइल बघणारा बंद करू शकतो, अक्षर मोठं करू शकतो, उद्या कोणी तिचा कन्नडमध्ये अनुवादही करू शकतो. चूक सापडली तर एक ओळ बदलायची, अख्खा व्हिडिओ पुन्हा रेंडर करावा लागत नाही.

एडिटर मित्रांनो, दहा मिनिटांच्या व्हिडिओची कॅप्शन्स नीट तपासायला तास-दीड तास जातो. तो फुकटात देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी तुम्हीच ऑटोवर सोडून द्याल. कोटेशनमध्ये त्याची वेगळी ओळ टाका, गिऱ्हाइकाला कारण सांगा आणि एसआरटी फाइल त्याच्या हातात द्या. चॅनेलवाल्यांनो, एडिटरने ती दिली नाही तर मागून घ्या. सेटिंग कुठे सापडत नसेल तर खाली विचारा, स्क्रीनशॉट टाकतो.