माड निर्दोष सुटला

तो पोरगा मला काका म्हणाला. डोकं तिथूनच फिरलं.

पाच दिवस टीव्हीच्या छत्रीची, म्हणजे डिशची, तक्रार टाकून ठेवलेली. रोज फोनवर तीच बाई, तेच गोड बोलणं, "बॉक्स बंद करून दहा मिनिटांनी चालू करा." अहो, बटणावरचा रंग उडाला! शेवटी रविवारी, ताटात आमटी वाढलेली असताना हा उगवला. शिडी आमची, पाना आमचा, गंजलेल्या नटांवर घालायला खोबरेल तेलही आमचंच. पत्र्यावर चढला, मोबाईल आभाळाकडे धरला आणि अर्ध्या मिनिटात वरूनच ओरडला, "काका, झाड येतंय मध्ये!"

झाड येतंय हे सांगायला तू कशाला हवास रे? आख्ख्या वाडीला माहीत आहे. शेजारच्यांचा माड! झावळ्या हलल्या की बातम्या देणारी बाई आ वासून थिजते. 29 जून 2024 ची रात्र तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल, शेवटचं षटक, दक्षिण आफ्रिकेला 16 हव्यात, हार्दिकचा पहिलाच चेंडू, मिलरने उचलला, सूर्या सीमारेषेकडे धावतोय... आणि पडदा निळा. 'सिग्नल उपलब्ध नाही.' जगाने तो झेल पाहिला, मी वाडीतल्या आरडाओरड्यावरून ताडला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाशी जाऊन मी माडाबद्दल बोललो. "आमच्या आज्याने लावलेला माड तुमच्या छत्रीसाठी तोडू?" असं उत्तर आलं. मग मीही बोललो. ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

आणि माड एकटा आहे का? वानरं आहेत. डिशच्या दांड्याला लोंबकळून पलीकडच्या फणसावर उडी मारायची, हा त्यांचा रोजचा रस्ता. ती गेली की मी पत्र्यावर, बायको खिडकीत. "आलं... आलं... गेलं! अहो, होतं तिथेच ठेवा ना!" होतं तिथे म्हणजे कुठे, बाई? इथे केसभर सरकलं तर 36 हजार किलोमीटरवरचा उपग्रह हुकतो. मोबाईलचा होकायंत्र लावावा तर पत्र्याजवळ आग्नेय दिशा दर मिनिटाला नवीन. रिचार्जचे दिवस मात्र सिग्नल असो-नसो, मोजून कापले जातात. वर पुण्याचा भाचा शिकवतो, "मामा, मोबाईलवर बघा ना." आमच्याकडे रेंज विहिरीच्या काठावर येते, बाळा. विहिरीवर बसून मालिका बघू?

तर तो पोरगा. मी माडाकडे बोट दाखवून सगळा इतिहास सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतला आणि हसला. "माड नाही ओ काका, माड खाली राहिला. हा तुमचा शेवगा."

म्हणे, ही छत्री समोर बघतेय असं वाटतं, पण बघत असते वर. चांगली 60 अंश. दहा मीटरवरचं झाड छत्रीपेक्षा 17 मीटर उंच झालं तरच आडवं येणार. माडाची तेवढी मजल नाही. भिंतीला चिकटलेला शेवगा मात्र थेट डोक्यावर.

तो 350 रुपये घेऊन गेल्यावर मी मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन पुन्हा पत्र्यावर चढलो. बरोबर होतं मेल्याचं. डिश बसवली मे महिन्यात, शेंगा उतरवून फांद्या छाटल्यानंतर. तेव्हा तिथे नुसतं खोड होतं आणि सिग्नल कसा खणखणीत! पावसाळ्यात तोच शेवगा छपरावर हात-दीड हात वर गेला, पानं भिजली की संपलं. आणि हे झाड लावलं कोणी? मीच. वृक्षारोपणाच्या दिवशी, फोटो काढून.

पण एक सांगा, 350 रुपये घेतलेस ना, मग दोन फांद्या तोडून जायला काय झालं होतं? "ते आमच्या कामात येत नाही, काका." पुन्हा काका!

आता फांद्या मलाच उतरवायच्या आहेत. आमच्या कोयत्याची मूठ गेल्या वर्षीच निघाली. चांगला धारदार कोयता वाडीत एकाच घरी आहे. त्याच, माडवाल्यांच्या.