श्रम पोरांचे, सही काकांची

विदर्भातील हजार-दोन हजार लोकवस्तीच्या गावांमध्ये तरुणांचे एखादे सेवा मंडळ बहुधा असतेच. कुठे ते तुकडोजी महाराजांच्या श्री गुरुदेव सेवा मंडळाच्या परंपरेतून आलेले असते, कुठे महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर होऊन गेल्यावर मागे उरलेल्या उत्साहातून, तर कुठे केवळ क्रिकेटच्या संघाला नाव हवे म्हणून ते जन्माला येते. जुलैत वृक्षारोपण, २ ऑक्टोबरला स्वच्छता, जानेवारीत रक्तदान, उन्हाळ्यात जमले तर पाणपोई, असा त्यांचा वार्षिक क्रम ठरलेला असतो. या कामांची थट्टा करावी असे मला मुळीच वाटत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, इतकी वर्षे इतकी मंडळे चालूनही त्यांतून गावाचा कारभार समजणारी, चारचौघांत हिशोब मागणारी आणि स्वतःही देणारी मुले-मुली इतकी थोडी का घडतात?

मला दिसणारे कारण साधे आहे. आपण तरुणांकडून श्रम घेतो आणि निर्णय आपल्याकडे ठेवतो. सोसायटी नोंदणी कायदा १८६० नुसार मंडळाची नोंदणी करायला किमान ७ सदस्य लागतात. ते सात कोण असतात ते एकदा पाहा. अध्यक्ष गावातले वजनदार काका, कोषाध्यक्ष त्यांच्याच घरातला कोणी, आणि घमेली उचलणारी पोरे 'कार्यकर्ते' या सदरात. पासबुक काकांच्या कपाटात असते. झाडे कोठे लावायची हे ग्रामपंचायतीत ठरते, खड्डे पोरे खणतात, छायाचित्रात पुढे तिसरेच कोणी उभे असते, आणि मे महिन्यात त्या रोपांना पाणी कोणी घालायचे हे मात्र कोणीच ठरवलेले नसते. "पोट्टे कामाले चांगले हायेत, पण पैशाले हात लावू देऊ नोका," हे वाक्य आपल्याकडच्या पारांवर इतक्या सहजपणे बोलले जाते की त्यातला अविश्वास आता कोणाला खटकतही नाही.

गंमत अशी की हीच पोरे नवरात्रात संपूर्ण दुर्गोत्सव उभा करतात. वर्गणीची पावतीपुस्तके छापणे, मंडपवाल्याशी घासाघीस, पोलीस ठाण्याची परवानगी, वीज जोडणी, महाप्रसादाचा शिधा, शेवटी जमाखर्च मांडून उरलेल्या रकमेवरून होणारे कडाक्याचे भांडण, हे सारे तीच निभावतात. उत्सवात जो मुलगा हिशोब सांभाळू शकतो, तोच गावच्या वाचनालयाच्या वर्गणीला बेजबाबदार कसा ठरतो, याचे समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही. माझे स्वतःचे उत्तर असे आहे की, उत्सवातल्या निर्णयाने गावातल्या कोणाच्याही सत्तेला धक्का लागत नाही, पण शेतात जाणाऱ्या पांदण रस्त्याच्या प्रश्नात तो लागू शकतो.

राष्ट्रीय सेवा योजनेची चौकट मुळात चांगली आहे. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांमध्ये ती सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा करावी आणि ७ दिवसांचे विशेष शिबिर करावे, अशी अपेक्षा आहे. मात्र शिबिराचे वेळापत्रक बहुतेक ठिकाणी आधीच छापून तयार असते. प्रभातफेरी, श्रमदान, बौद्धिक सत्र, सायंकाळी सांस्कृतिक कार्यक्रम. मुलांनी पहिले दोन दिवस गाव फिरून लोकांशी बोलावे, काम कोणते करायचे ते स्वतः ठरवावे आणि निवड चुकली तर सातव्या दिवशी गावासमोर तसे सांगावे, एवढी मोकळीक फार थोडे कार्यक्रम अधिकारी देतात. जे देतात त्यांचे विद्यार्थी पुढे ओळखू येतात.

मुलींच्या बाबतीत परिस्थिती अधिक विचित्र आहे. स्वागतगीत, रांगोळी आणि सूत्रसंचालन ही कामे त्यांच्या वाट्याला ठरलेली. प्रत्यक्षात घरी त्यांची आई बचत गटात नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत नोंदी ही पंचसूत्री वर्षानुवर्षे पाळत असते आणि अनेकदा त्या नोंदी दहावी-बारावी शिकलेली लेकच लिहून देते. मंडळाच्या हिशोबासाठी गावात सर्वांत तयार व्यक्ती तीच असते. तिच्या हाती आपण रांगोळीचा डबा देतो आणि पुढे पंचायतीतल्या महिला आरक्षणातून ती निवडून आली, तर कारभार नवरा पाहतो म्हणून नाके मुरडतो.

आपल्याच विदर्भात वेगळी वाट दिसते. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाने निर्णय सर्वसहमतीने घेण्याची पद्धत रुजवली. गावातलेच कार्यकर्ते देवाजी तोफा यांचे नाव त्या कामाशी जोडलेले आहे, परंतु मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते तिथले अभ्यासगट. निर्णय घेण्याआधी विषय समजून घेण्याची ती वेगळी जागा आहे. २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ पासून ग्रामसभेने बांबूची विक्री स्वतः केली, तेव्हा पैसा, कागद आणि वाटाघाटी हे सर्व गावकऱ्यांनाच हाताळावे लागले. तिथे नेतृत्वविकासाचे प्रमाणपत्र कोणी वाटले नव्हते.

गाडगेबाबांचेही येथे स्मरण होते. त्यांचा खराटा आपण उचलला. संस्था उभारून ती दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची त्यांची सवय मात्र आपण सोयीस्करपणे विसरलो. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे दिली. आपल्या काकांना अध्यक्षपदही सोडवत नाही. तालुक्याच्या ठिकाणी चालणाऱ्या रोटरॅक्टसारख्या तरुणांच्या सेवा क्लबांचा थाट शहरी असेल, तरी अध्यक्ष दरवर्षी बदलण्याचा त्यांचा शिरस्ता घेण्यासारखा आहे.

पोरांनी पैसे उडवले तर काय, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. नव्या गोऱ्ह्याला आपण जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपतो. तो चालायला शिकेपर्यंत गोठ्यात बांधून ठेवत नाही. रक्कम लहान असावी, हिशोब दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा, जाणत्यांनी सल्लागार म्हणून बसावे, पण मत देऊ नये. पाच हजार रुपयांचा अंदाज चुकला तर गावाचे जे नुकसान होईल, ते पुढे पन्नास लाखांचा आराखडा न वाचता सही करणाऱ्या सदस्यामुळे होणाऱ्या नुकसानीपेक्षा कितीतरी कमी असेल.

आणखी एक बाब कायद्यातलीच आहे. वयाच्या १८ व्या वर्षी मतदार यादीत नाव आले की ग्रामसभेत बसता-बोलता येते. पंचायतीची निवडणूक लढवायला मात्र २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. मधली तीन वर्षे सेवा मंडळांनी याच शिक्षणासाठी वापरावीत, असे माझे मत आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपूर्वी मंडळातल्या मुला-मुलींनी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) ग्रामपंचायत विकास आराखडा मागून घ्यावा, त्यातले एक काम निवडून प्रत्यक्ष जागेवर पाहून यावे आणि सभेत त्याविषयी एक तरी प्रश्न लेखी द्यावा. काकांना विनंती अशी की, त्या दिवशी पोरांना खुर्च्या लावायला पाठवू नये, आणि त्याच आठवड्यात बँकेत जाऊन खात्यावरच्या दोन सह्यांपैकी एक सही मंडळातल्या एखाद्या सज्ञान मुलीच्या नावे करून द्यावी.