कासवाच्या पाठीला तेल-हळद चोळू नका: एका व्हायरल उपायाला मुद्द्यागणिक उत्तर

कासव पाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द बदलतात, सल्ला तोच राहतो: “कासवाची पाठ पांढरी पडली किंवा मऊ झाली तर घाबरू नका. खोबरेल तेलात हळद कालवून रोज पाठीला चोळा. खिडकीतल्या कोवळ्या उन्हात अर्धा तास ठेवा. खायला सुकट आणि उकडलेलं अंडं द्या. टाकीत कॅल्शियमचा ठोकळा सोडा. पाठीची सालं निघायला लागली तर हाताने काढून टाका. पंधरा दिवसांत पाठ टणक आणि चकचकीत.”

यातला एकही सल्ला आहे तसा पाळण्याजोगा नाही, आणि काही तर सरळ इजा करणारे आहेत.

इथे कासव म्हणजे दुकानांत मिळणारं, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं रेड इअर्ड स्लायडर. हे मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. त्याची पाठ म्हणजे अंगावर चढवलेलं चिलखत नव्हे. बरगड्या आणि पाठीचा कणा एकमेकांत जुळून ती तयार झालेली असते. हे जिवंत हाड आहे, त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू आहेत. त्यावर केराटिनच्या, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्याच द्रव्याच्या, चकत्या बसलेल्या असतात. त्यांना स्क्यूट म्हणतात. हाड घडतं ते आहारातलं कॅल्शियम, प्रकाशातून मिळणारं डी-३ जीवनसत्त्व आणि योग्य तापमान यांतून. वरून चोळलेलं काहीही तिथवर पोचत नाही.

“खोबरेल तेलात हळद कालवून चोळा.” तेलाने पाठ चकाकते, कारण तेल लावलेली कुठलीही वस्तू चकाकते. मेसेजचा ‘पंधरा दिवसांत फरक’ बहुतेक वेळा एवढाच असतो. नुकसान मात्र खरं असतं. तेलाच्या थरात धूळ, शेवाळ आणि अन्नाचे कण चिकटतात. स्क्यूटच्या फटीत आधीच जंतू असतील, तर त्यांच्यावर झाकण बसतं आणि ती जागा सुकतच नाही. कासव पाण्यात गेलं की तेलाचा तवंग पृष्ठभागावर पसरतो आणि फिल्टरचा स्पंजही तेलकट होतो. हळदीने तर आणखी घोळ होतो. पिवळा रंग चढला की खालची जागा लाल आहे, पिवळट आहे की काळी, हे डॉक्टरांनाही नीट दिसत नाही, आणि रंगावरूनच तर अर्धं निदान होतं.

“पाठ पांढरी पडली तर…” मेसेजची मोठी चूक इथे आहे. पांढरं दिसण्याची निदान पाच वेगळी कारणं असतात. त्यांतली दोन निरुपद्रवी, एकात पाणी सुधारायचं असतं, आणि दोन आजार आहेत. सगळ्यांना एकच औषध कसं चालेल? त्यामुळे आधी तपासा. कासव बाहेर काढून कोरड्या टॉवेलवर अर्धा तास ठेवा आणि उजेडात बघा.

ओलं असताना गायब आणि सुकल्यावर उमटणारा खडूसारखा पांढरा थर हा पाण्यातला क्षार असतो. बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्या घरांत हे हमखास दिसतं. जुन्या मऊ टूथब्रशने साध्या पाण्यात हलकेच घासा आणि टाकीत निम्मं आरओचं पाणी मिसळा. एखादी चकती अख्खी फिकट झाली आहे, तिच्या कडा सुटल्या आहेत आणि खालची पाठ टणक, स्वच्छ दिसते आहे, तर कासव कात टाकतंय. चकत्यांच्या मधल्या फिकट रेषा ही नवी वाढ असते, तिला हातही लावू नका.

पाण्यात कापसासारखे धागे तरंगताना दिसले तर बुरशी समजा. आणि खड्डा, पिवळट-पांढरा पनीरसारखा चुरा, दाबल्यावर दबणारी जागा किंवा कुजका वास, यांतलं एक जरी असेल तर ती पाठीची कुज, म्हणजे शेल रॉट. पोटाकडची बाजू बघायला विसरू नका. ओबडधोबड दगडावर आणि घाण पाण्यात घासून कुज बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. पोटावर गुलाबी-लाल छटा पसरली असेल आणि कासव सुस्त असेल, तर संसर्ग रक्तात गेल्याची शक्यता असते. अशा वेळी घरगुती काहीही करू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कुज अगदी वरवरची असेल, तर घरी एवढं करता येतं. मेडिकलमधलं ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन एक भाग आणि पाणी दहा भाग घ्या. रंग कोऱ्या चहासारखा आला पाहिजे. मऊ ब्रशने जागा साफ करा, हे द्रावण १० मिनिटं राहू द्या, धुवा, टिपून कोरडं करा. मग १ टक्का सिल्व्हर सल्फाडायझिनच्या मलमाचा पातळ थर लावा. कासवाला २८-२९ अंश तापमानाच्या कोरड्या टबात ठेवा, आणि सकाळ-संध्याकाळ एकेक तास स्वच्छ पाण्यात सोडा. स्लायडर पाण्यातच गिळतं, त्यामुळे खाणंही त्याच वेळी द्या. तळहाताहून लहान पिल्लाला दिवसभर कोरडं ठेवू नका, त्याच्या अंगातलं पाणी लवकर कमी होतं. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरू नका, ते चांगल्या पेशीही जाळतं. सात दिवसांत फरक नाही पडला, तर इंजेक्शनवाल्या प्रतिजैविकाची गरज आहे असं धरा. गोळी चुरून पाण्यात टाकण्याने काही साधत नाही. आणि कुत्र्यांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन हे जंत-गोचिडांवरचं औषध कासवाच्या जवळही नेऊ नका, ते त्याच्यासाठी प्राणघातक आहे.

“खिडकीतल्या कोवळ्या उन्हात ठेवा.” मेसेजमधला हा सल्ला सगळ्यांत पटण्यासारखा वाटतो, म्हणून तो नीट समजून घ्या. डी-३ तयार होतं ते उन्हातल्या यूव्हीबी किरणांमुळे, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या. खिडकीची काच हे किरण जवळपास पूर्ण अडवते. काचेआडच्या उन्हात कासव तापतं, पण त्याच्या अंगात डी-३ बनत नाही. सात वाजताच्या कोवळ्या उन्हातही यूव्हीबी अगदी कमी असतं, कारण सूर्य खाली असतो. थंडीत ९ ते ११, एप्रिल-मेमध्ये ८ ते साडेनऊ, काच-प्लॅस्टिक मध्ये न ठेवता, आठवड्यातून चार-पाच दिवस २०-३० मिनिटं, असं ऊन द्या. भांडं काचेचं नको, ते उन्हात भट्टी होतं. पसरट टब घ्या, अर्धी बाजू फळीखाली सावलीत ठेवा, थोडं पाणी ठेवा, वरून जाळी टाका. कावळे आणि मांजरं यांचा भरवसा नसतो.

आता मुंबई-कोकणातल्या पावसाळ्याचा विचार करा. चार महिने ढग असतात, त्या काळात हाड कशावर घडणार? त्यामुळे यूव्हीबी ट्यूब ही चैन नाही. ५.० किंवा १०.० लिहिलेली ट्यूब बसण्याच्या जागेपासून २५-३० सेंटीमीटरवर लावा आणि मध्ये काच किंवा अॅक्रिलिक ठेवू नका. बारीक जाळीसुद्धा बराच मोठा वाटा अडवते. रोज १० ते १२ तास चालू ठेवा. ट्यूब उजेड देत राहते, पण यूव्हीबी आधीच ओसरतं. साधी ट्यूब किंवा सीएफएल प्रकारचा बल्ब ६ महिन्यांनी आणि टी-५ ट्यूब वर्षाने बदला. बसवल्याची तारीख टाकीवर चिकटवून ठेवा. सोबत ४०-६० वॉटचा पिवळा बल्ब किंवा हॅलोजन लागतो, कारण बसायची जागा ३२-३५ अंश हवी. तो फक्त उष्णता देतो, यूव्हीबी नाही. एलईडीतून या दोन्हींपैकी काहीच मिळत नाही. पाणी २४-२७ अंश ठेवा. पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर नसेल तर पाणी २० च्या खाली जातं, कासव खाणं सोडतं, आणि जखमाही भरत नाहीत.

“सुकट आणि अंडं द्या.” आहारात फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम हवं. अंड्यात उलट आहे, फॉस्फरस तिप्पट-चौपट. चिकनच्या नुसत्या तुकड्यात तर दहापटीहून जास्त. जास्तीचं फॉस्फरस शरीराला स्वतःच्याच हाडातून कॅल्शियम ओढायला लावतं, म्हणजे मऊ पाठीवरचा हा ‘उपाय’ पाठ आणखी मऊ करतो. फक्त सुक्या झिंग्यांवर वाढलेल्या स्लायडरला अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि पापण्या सुजून डोळे मिटतात. मग मालक डोळ्यांत थेंब घालत बसतात.

जलकासवांसाठीच्या चांगल्या पेलेट्स, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या, पायाभूत ठेवा. कासवाच्या डोक्याएवढा ढीग पुरे, पिल्लाला रोज, मोठ्याला दिवसाआड. मोठ्याच्या ताटात निम्म्याहून जास्त हिरवं हवं: शेवग्याचा पाला, लेट्यूस, जास्वंदीची पानं-फुलं, किसलेलं गाजर, लाल भोपळा. पालक, लाल माठ आणि राजगिरा रोज नको, त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं.

“कॅल्शियमचा ठोकळा सोडा.” पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम पाठीतून आत शिरत नाही, ते खावं लागतं. ठोकळ्याने पाण्याचा कठीणपणा तेवढा वाढतो, आणि वर सांगितलेला पांढरा थर आणखी जाड होतो. त्याऐवजी समुद्रफेस आणा. पक्ष्यांच्या दुकानात मिळतो, काष्ठौषधीवाल्याकडेही असतो. मागचा कडक पापुद्रा सोलून अंगठ्याएवढा तुकडा पाण्यावर तरंगत ठेवा, हवं तेव्हा ते कुरतडेल. लहान मुलांचे डी-३ चे थेंब अंदाजाने पाजू नका. जास्त झालं तर कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचतं.

“सालं हाताने काढा.” नको. सुटलेली चकती आपोआप पडते. ओढली तर खालचा अर्धवट तयार थर फाटतो आणि कुजीला दार उघडतं. चकत्यांचे थर एकावर एक साचून राहत असतील, तर बसायची जागा पूर्ण कोरडी आणि पुरेशी गरम आहे का ते तपासा. बहुतेकदा दोष तिथेच असतो.

मेसेज पाण्याबद्दल अवाक्षर काढत नाही. पाठीच्या लांबीच्या प्रत्येक सेंटीमीटरमागे सुमारे १५ लिटर पाणी हा साधा हिशोब आहे. मादी २५ सेंटीमीटरच्या पुढे जाऊ शकते. २० सेंटीमीटरच्या कासवाला ३०० लिटर लागतं, म्हणजे ४ बाय २ बाय दीड फुटांची टाकी. काठोकाठ भरल्यावर नुसत्या पाण्याचंच वजन ३४० किलोच्या आसपास जातं, काचेचं वेगळं, स्टँड तसा घ्या. फिल्टर टाकीच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा हवा. विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात साचणारे अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, चाचणीचं किट त्यासाठीच असतं. छोट्या भांड्यात ठेवलं की कासव छोटंच राहतं, हे खोटं आहे. ते खुरटतं आणि पाठ वाकडी होते. माणसाला जुलाब-ताप आणणारे सालमोनेलाचे जंतू निरोगी कासवाच्या अंगावरही असतात. त्यामुळे टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती कासव देऊ नका.

हा मेसेज कुठल्याही कासवाला लावला जातो, त्यातून वेगळाच अनर्थ होतो. आपल्या नदी-तळ्यांतल्या फ्लॅपशेल कासवाच्या पाठीवर जन्मतःच मऊ कातडं असतं, तो आजार नाही. स्टार कासवाच्या पाठीवर उंचवटे नैसर्गिकच असतात, आणि ते जमिनीवरचं आहे, खोल पाण्यात बुडून मरतं. ही दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, पाळणं गुन्हा आहे. असं कासव सापडलं तर महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. आणि कंटाळून स्लायडर तळ्यात सोडू नका. जगातल्या सगळ्यांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत ते आहे, आणि बसायच्या जागा व अन्न यांसाठी ते स्थानिक कासवांशी झगडतं.

वर्षापुढच्या स्लायडरची पाठ अंगठ्याने दबत असेल, कडा वर वळल्या असतील किंवा पाय थरथरत असतील, तर एक्स-रे काढू शकणारे आणि सरपटणारे प्राणी तपासणारे पशुवैद्य शोधा. नेताना पाण्याची बादली नको, झाकणाला भोकं पाडलेला कोरडा डबा आणि तळाला ओलसर टॉवेल पुरे. सोबत पेलेट्सचं पाकीट, दिव्याच्या खोक्याचा आणि टाकीचा फोटो न्या, आणि निघण्याच्या आदल्या दिवसापासून पाठीला काहीही लावू नका.