उजवा हात, डावा डोळा आणि सासरे

गेल्या शनिवारी तिरंदाजीच्या रेंजवर मी फोमच्या एका टर्की पक्ष्याला बाण मारला. अगदी छातीत. टर्की माझी नव्हती. माझ्या लेनमध्ये फोमचं हरीण होतं. टर्की शेजारच्या लेनमधल्या बाईंची. दोन्हींमध्ये पाच फूट अंतर. बाई सभ्य होत्या, "छान मारलात" म्हणाल्या. ते मला अजून लागून राहिलंय.

तिथे गेलो कशाला, तर हरणांमुळे. मिशिगनमध्ये आमच्या परसात येऊन त्यांनी आधी मेथी खाल्ली, मग टोमॅटो, मग तोंडलीचा वेल. ऑफिसातला एक जण म्हणाला, एक ऑक्टोबरला धनुष्याचा सीझन सुरू होतो, माझ्या रानात ये. मी एका दुकानातून वापरलेलं कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्प्या असलेलं, धनुष्य घेतलं. उजव्या हाताचं, कारण मी उजव्या हाताचा. सही, जेवण, आशीर्वाद, सगळं उजव्या हाताने.

आणि सराव करायला रेंजवर निघालो, तर सासरे म्हणाले, "मीही येतो."

नाना साताऱ्याच्या एका शाळेत चौतीस वर्षं चित्रकला शिकवत होते. अर्ध्या तालुक्याला त्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवलंय. सध्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आहेत. सप्टेंबरात कानटोपी घालून ते रेंजवरच्या बाकावर बसले आणि माझा पहिला बाण सुटायच्या आत म्हणाले, "जावईबापू, आमच्या साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये जगज्जेती झाली. सतरा वर्षांची पोर. तुमच्या हातात आहे ना, तेच हे कंपाउंड. आणि त्याच दिवशी त्या ओजस देवतळेने दीडशेपैकी दीडशे गुण मारले. तोही साताऱ्यातच तयार झालेला."

"मारा तुम्ही," ते पुढे म्हणाले. "टेन्शन घेऊ नका."

मी मारला. टर्की.

दुसराही टर्कीला. तिसऱ्याला रेंजवरची प्रशिक्षक मुलगी धावत आली. माझ्या मुलीएवढी असेल. म्हणाली, दोन्ही हात समोर ताठ करा, अंगठे आणि बोटं जुळवून मध्ये छोटा त्रिकोण करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा. आता घड्याळ न सोडता हात हळूहळू चेहऱ्याकडे आणा. हात आपोआप डाव्या डोळ्यावर येऊन बसले. पुन्हा केलं, पुन्हा डाव्यावर. ती म्हणाली, तुमचा हात उजवा आहे, पण सत्ता डाव्या डोळ्याची आहे, नेम धरताना मेंदू त्याचंच ऐकतो.

"काय म्हणते?" नानांनी विचारलं.

मी सांगितलं. नाना उठून उभे राहिले.

"डावा? लग्नाच्या वेळी सांगितलं नव्हतं तुम्ही."

"नाना, मलाच आत्ता कळलं."

"पुरुषाचा उजवा डोळा लवला की शुभ, बाईचा डावा. तुमचं सगळंच उलटं म्हणायचं." मग त्यांनी स्वतः त्रिकोण केला. हात सरळ उजव्या डोळ्यावर. त्यांनी त्या मुलीकडे असं बघितलं की जणू तिने प्रमाणपत्र द्यावं. तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी शेजारच्या टर्कीवाल्या बाईंना त्रिकोण करायला लावला, काउंटरवरच्या माणसाला लावला, धनुष्याची दोरी बदलायला आलेल्या एका दाढीवाल्याला लावला. इंग्रजी येत नाही म्हणून नाना आजवर कधी अडलेले नाहीत. सगळे उजवे निघाले. माणसांत साधारण दोनतृतीयांश उजव्या डोळ्याचे असतात, पण त्या शनिवारी तिथे उरलेला एकतृतीयांश म्हणजे मी एकटाच होतो.

"आता साधं आहे," नाना म्हणाले. "डावा मिटा."

मी मिटला. दोन्ही मिटले.

"एकटा डावा."

"मिटत नाही नाना. उजवा एकटा मिटतो. डावा मिटायला गेलं की उजवा पण जातो."

"म्हणजे डोळा मारता येत नाही तुम्हाला?"

"उजवा मारता येतो."

"मग कॉलेजात काय केलंत?" आणि मग आपण कोणाला काय विचारलं ते लक्षात येऊन त्यांनी कानटोपी नीट केली.

मान्य करायला जड जातं, पण भूमिती मला नानांनीच समजावली. वस्तुचित्राच्या तासाला एक डोळा मिटून, ताठ हातात पेन्सिल धरून माठाची उंची मोजायला शिकवणारा माणूस तो. म्हणाले, दोन डोळ्यांत अंतर अडीच इंच. बाण असतो उजव्या डोळ्याखाली. धनुष्यावरची नेमाची पिन डोळ्यापासून तीस इंचांवर. तुम्ही ती पिन डाव्या डोळ्याने हरणावर ठेवता, म्हणजे तीस इंचांत अडीच इंच तिरकं, फुटाला एक इंच. हरीण वीस यार्डांवर, म्हणजे साठ फूट. साठ इंच. पाच फूट डावीकडे. "टर्की," नाना म्हणाले आणि हवेत बरोबरची खूण केली.

दोरीत एक बारीक भोक असलेली कडी असते, पीप म्हणतात, तिच्यातून उजव्या डोळ्याने बघायचं असतं. मला ते ठाऊक होतं. पण पिन तर मला त्या कडीशिवायही स्वच्छ दिसत होती. डावा डोळा दोरीच्या बाजूने आरामात बघत होता, आणि उजवा सरकारी नोकरासारखा नुसता हजर.

घरी येऊन मी वाचत बसलो. १५९३ साली जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता नावाच्या एका इटालियन माणसाने हे एका डोळ्याच्या सत्तेचं लिहून ठेवलंय. चारशे वर्षं झाली. आणि मी ४८ वर्षांचा होईपर्यंत एकाही डोळ्याच्या डॉक्टरने मला सांगितलेलं नाही. शाळेत डोळे तपासले, आरटीओसाठी तपासले, व्हिसासाठी तपासले, इथल्या लायसन्ससाठी तपासले. प्रत्येक वेळी तोच तक्ता. हा डोळा झाका, तो डोळा झाका. दोन्ही डोळे सारखेच तीक्ष्ण, छान, पुढचा. कोणता डोळा तीक्ष्ण याचा आणि सत्ता कोणाची याचा फारसा संबंध नसतो, म्हणून तक्त्यात ते कधी सापडतच नाही. पण विचारायला काय हरकत होती? कॅमेऱ्याला मी जन्मभर डावा डोळा लावत आलोय, नाक घासून मागचा पडदा तेलकट होतो आणि बायको तीन-तीनदा पुसते. गोट्या खेळताना सरळ गोटी कधी लागली नाही. मला वाटायचं, आपल्याला नेमच नाही. अर्जुनाला द्रोणाचार्यांनी काय दिसतं ते विचारलं, कोणत्या डोळ्याने दिसतं ते विचारलं नाही, असं मी नानांना म्हणालोही. ते म्हणाले, "त्याला सव्यसाची म्हणत. सव्य म्हणजे डावा. तो डाव्या हातानेसुद्धा मारायचा. तुम्ही दोन्हीकडून गेलात."

यावर उपाय दोन. एक, डाव्या हाताचं धनुष्य घ्यायचं. मी दुकानात गेलो. भिंतीवर फ्रेड बेअरचा जुना फोटो होता, मिशिगनच्या ग्रेलिंग गावात धनुष्यांचा कारखाना चालवणारा तो प्रसिद्ध शिकारी. फोटोत धनुष्य उजव्या हातात, दोरी डाव्या. म्हणजे तोही डाव्या हातानेच मारायचा. फोटोखाली उजव्या हाताची तीसेक धनुष्यं टांगलेली, डाव्या हाताची दोन, त्यातलं एक मुलांचं. माझं परत घेणार का? वापरलेला माल परत घेत नाही. मी म्हटलं, मी ते वापरलेलंच नाही, टर्कीने वापरलंय. काउंटरवरचा माणूस हसला नाही.

दुसरा उपाय, चष्म्याच्या डाव्या काचेवर धूसर चिकटपट्टी. त्या मुलीने शनिवारी तो तिथल्या तिथेच केला, माझ्या नव्याकोऱ्या प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेतून लांबचं-जवळचं दाखवणाऱ्या, चष्म्यावर. इन्शुरन्सनंतरही खिशातून चारशे डॉलर गेले होते त्याचे. धनुष्य ओढलं की मान वळते आणि उजव्या काचेच्या नाकाजवळच्या कोपऱ्यातून बघावं लागतं. तिथे प्रोग्रेसिव्ह काच सगळ्यात वाकडी. डावा डोळा पट्टीमागे, उजवा कोपऱ्यात. मला हरीण दिसलं, पण ते वितळलेलं होतं. चष्मेवाल्याने मला कॉम्प्युटरचं विचारलं होतं, वाचनाचं विचारलं होतं, गाडीचं विचारलं होतं.

मी धनुष्य खाली ठेवलं. तेव्हा नाना पुढे आले.

"हे उजव्याच हाताचं आहे ना?"

त्या मुलीने किल्लीने दोन बोल्ट सैल केले, जोर कमी केला. कंपाउंडमध्ये तसंही पूर्ण ओढल्यावर कप्प्यांमुळे हातात थोडंसंच वजन उरतं. नानांनी एक डोळा मिटला, डावा, एकटा. माठाची उंची मोजावी तसं हरणाकडे बघितलं आणि सोडला. बाण हरणाच्या मागच्या मांडीत. टर्कीवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

नानांच्या त्या बाणानंतर काढलेला फोटो आता साताऱ्याच्या सगळ्या ग्रुपांवर आहे. आम्ही रेंजवर होतो तेवढ्यात इकडे हरणांनी कढीपत्त्याच्या कुंडीला तोंड लावलं, ते कोणी विचारत नाही. फोटोत नाना मधोमध, कानटोपीसकट, धनुष्य माझं. मीही आहे. डाव्या कडेला, अर्धा कापलेला, चष्म्याला पट्टी.