भोकाचा बर्फ, निळं सरबत आणि रोजची एक गोळी

परवा मावशीचा फोन आला. "दहा दिवसांना दहा गोळ्या पुरतील ना गं, की दोन जास्तीच्या ठेवू?" कसल्या गोळ्या, तर अँटिबायोटिकच्या. पुढच्या महिन्यात ती थायलंडला निघालीय, बँकॉक आणि चिआंग माई. तिच्या भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला होता, "परदेशातल्या नाइट मार्केटमध्ये जाताय? आधी हे वाचा! एका नामवंत डॉक्टरांचा इशारा." नामवंत, पण नाव कुठेच नाही. आणि औषधाच्या दुकानदाराने चिठ्ठीबिठ्ठी न विचारता पाकीट काढून दिलं, तेही झालंच.

तोच मेसेज मला नंतर आणखी तीन ग्रुपांवर दिसला. सात मुद्दे आहेत. रात्रबाजारात दिवसभराचा शिळा माल खपवतात. पेल्यात भोक असलेला बर्फ दिसला तर तो मासे ठेवायचा असतो. निळं सरबत म्हणजे कपड्यांची नीळ. कापलेली फळं घेऊ नका. शाकाहारी माणसाला तिथे काहीच मिळत नाही. जेवायचंच तर फक्त हॉटेलच्या बुफेत. आणि बाजारात निघण्याआधी रोज एक अँटिबायोटिक, "प्रोटेक्शन म्हणून".

शेवटच्यापासून सुरुवात करते. बाकीच्या सहांनी फार तर सहल अळणी होईल. सातव्याने मावशीला अपाय होईल.

अँटिबायोटिक म्हणजे रेनकोट नव्हे, पाऊस यायच्या आधी चढवायला. पोटात जाऊन ती फक्त येणाऱ्या वाईट जंतूची वाट बघत बसत नाही. आतड्यात आधीपासून सुखाने नांदणाऱ्या जंतूंनाही झोडपते. ते मेले की जागा रिकामी होते, आणि तिथे बाहेरून आलेले, औषधाला दाद न देणारे जंतू बिऱ्हाड थाटतात. हे माझं कल्पनाचित्र नाही. हेलसिंकीच्या संशोधकांनी 430 फिनिश प्रवाशांच्या शौचाचे नमुने प्रवासाआधी आणि परतल्यावर तपासले, आणि निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध केले. ज्यांचं पोट बिघडलं नाही आणि ज्यांनी अँटिबायोटिकही घेतलं नाही, त्यांच्यापैकी 11 टक्के लोक असे चिवट जंतू आतड्यात घेऊन घरी आले. पोट बिघडलं पण गोळी घेतली नाही, त्यांच्यात 21 टक्के. पोट बिघडलं आणि गोळीही घेतली, त्यांच्यात 37 टक्के. ही माणसं निदान आजारी तरी पडली होती. मेसेज सांगतोय की धडधाकट बाईने दहा दिवस रोज गिळायची.

बरं, गोळी कुठली? मावशीच्या पाकिटावर नॉरफ्लॉक्सासिन लिहिलंय. म्हणजे फ्लोरोक्विनोलोन गटातलं औषध. प्रवाशांचं पोट बिघडवणारा कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू या गटाला थायलंडमध्ये फार आधीपासून दाद देत नाही. तिथे जाणाऱ्यांसाठी डॉक्टर गरज पडली तर वेगळंच औषध निवडतात. थोडक्यात, ज्या देशासाठी छत्री घेतली तिथल्याच पावसात ती गळते. अगदी मोजक्या लोकांना, ज्यांची प्रतिकारशक्ती फार कमी आहे अशांना, डॉक्टर विचार करून आधीपासून औषध देतात हे खरं. पण तो निर्णय भिशीच्या ग्रुपवर होत नाही. पिशवीत ठेवायचीच तर ओआरएसची पाकिटं ठेवा. बहुतेकांचं पोट काही दिवसांत आपोआप ताळ्यावर येतं, तोवर अंगातलं पाणी टिकवणं हेच खरं काम. शौचातून रक्त पडलं किंवा ताप चढला तर मात्र सरळ डॉक्टर.

आता बुफे. हा मुद्दा वरून सगळ्यात सभ्य दिसतो, म्हणूनच मला जास्त खटकतो. शिजलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नका आणि गरम ठेवायचं तर 60 अंशांच्या वर ठेवा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा नियम. बुफेतला कोमट भात सकाळी साडेसातपासून साडेदहापर्यंत झाकणाखाली बसलेला असतो, खालची मेणबत्ती कधी विझली ते कोणी पाहत नाही. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू वाढला की तो जे विष सोडतो ते पुन्हा गरम करूनही जात नाही. उलट बाजारातल्या गाडीवर तुमच्या डोळ्यांदेखत कढईतून धूर निघतो, पदार्थ तव्यावरून थेट कागदावर येतो. स्टीलची भांडी आणि पांढरा टेबलक्लॉथ बघून जंतू मागे फिरत नाहीत. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचं प्रवाशांसाठीचं मार्गदर्शनही उपाहारगृहांच्या स्वयंपाकघरातल्या अस्वच्छतेकडेच मोठं कारण म्हणून बोट दाखवतं. गाडीवरचं स्वयंपाकघर निदान दिसतं तरी.

इथे आमच्या बाजूच्या लोकांचाही कान धरायला हवा. "बँकॉकच्या जय फाय बाईंना रस्त्याकडेच्या स्वयंपाकासाठी मिशेलिनचा तारा मिळाला, मग काय घाबरायचं!" हे उत्तर ग्रुपवर कोणीतरी फेकलंच. मिशेलिन ही उपाहारगृहांना तारे देणारी मार्गदर्शिका, आणि तारा मिळाला हे खरं. पण तो चवीचा आहे, स्वच्छतेचा दाखला नव्हे. वेडगळ मेसेजला पोकळ उत्तर दिलं की मेसेजच खरा वाटायला लागतो.

भोकाचा बर्फ. हा मुद्दा वाचून मी हसलेच, कारण तो नेमका उलटा आहे. मधोमध आरपार भोक असलेली नळकांडी कारखान्यात होतात. उभ्या नळ्यांच्या आतल्या भिंतीवरून पाणी खाली सोडतात, ते भिंतीकडून आत गोठत येतं आणि मध्ये पोकळी उरते. हाच पेयात घालायचा बर्फ. मासे थंड ठेवायला बहुधा लाद्या फोडून केलेला ओबडधोबड चुरा वापरतात. म्हणजे मेसेज पाळायचा तर मावशीने बरा बर्फ परत करून फुटका मागायचा! भोक हे हमीपत्र नाही, हे कबूल. दुकानदाराने त्याच हाताने पैसे घेऊन त्याच हाताने बर्फ काढला तर भोकाचा काय उपयोग? हात बघा, भोक नंतर.

निळं सरबत तर गोकर्णाचं आहे हो. आपल्या कुंपणावर चढते तीच वेल. थायलंडमध्ये तिला अन्चान म्हणतात. फुलं सुकवून गरम पाण्यात टाकली की पाणी निळंशार होतं. मेसेजमध्ये पुरावा काय दिलाय? "लिंबू पिळताच रंग जांभळा होतो, म्हणजे केमिकल सिद्ध!" अहो, फुलातलं अँथोसायनिन आंबट लागलं की जांभळं होतंच, शाळेत लिटमसचा कागद बुडवला होता ना? लिंबू पिळून रंग बदलला तर ती गोकर्ण असल्याची खूण. कपड्यांची नीळ लिंबाने अशी जांभळी होत नाही.

शिळ्या मालाबद्दल फार लिहीत नाही. चिआंग माईत ताफे दरवाजापासून रात्चादाम्नोन रस्त्यावर रविवारी भरणारा बाजार संध्याकाळी मांडतात, कारण दिवसभर तिथलं ऊन सहन होत नाही, हे तिथे एक दुपार चाललेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. जिथे रांग आहे, तिथे माल पडून राहत नाही. जिथे कोणी नाही आणि तळलेलं ताट आधीच भरून ठेवलंय, तिथून पुढे सरका.

कापलेल्या फळांबाबत मेसेजचं बरोबर आहे. नाइलाजाने लिहिते, पण आहे. बर्फावर मांडलेली कलिंगडाची काप सुंदर दिसते. ती कोणत्या पाण्याने धुतली, कोणत्या सुरीने कापली ते आपल्याला दिसत नाही. आपण सोललेलं केळं किंवा लिचीसारखं रामबुतान खावं. कच्च्या शिंपल्यांनाही माझा नकार.

शाकाहाराचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा भाग मेसेजला माहीतच नाही. "काही मिळत नाही" हे खोटं. अडचण ही की पानात मांस दिसत नाही, तरी ते असतं. नुसती पालेभाजी परतली तरी वरून शिंपल्यांचा ऑइस्टर सॉस, पाद थाय या परतलेल्या नूडल्समध्ये माशाचा सॉस आणि सुकी कोळंबी. कच्च्या पपईची सोम तम ही कोशिंबीर उखळात कुटतात, आणि त्याच उखळात मागच्या गिऱ्हाइकाचा आंबवलेला खेकडा कुटून झालेला असतो. तुमच्यासाठी ते विसळतील याची खात्री नाही. कडक शाकाहारी असाल तर सोम तम सोडाच. पण पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात इंग्रजी आकड्यातल्या सतरासारखं काहीतरी दिसलं तर थांबा. ते थाई अक्षरांत "जे" लिहिलेलं असतं: मांस, मासे, अंडं, दूध, इतकंच काय, कांदा-लसूणही नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला नऊ दिवस या पताकांचा सणच असतो. शिवाय खनोम क्रोक आहेत: आप्पेपात्रासारख्या खळग्यांच्या बिडाच्या तव्यावर तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, कडेला कुरकुरीत, मध्ये थलथलीत, वर मका नाहीतर कांद्याची पात. आंबा आणि चिकट भात आहेच. केळ्याची रोटीही आहे, पण तिथे तोंड लवकर उघडावं लागतं. माणूस पीठ हवेत फिरवून तव्यावर टाकतो आणि आपण केळं दाखवेपर्यंत दुसऱ्या हाताने अंडं फोडून मोकळा होतो.

हे सगळं मी मावशीला दोन व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं. गोळ्या परत करते म्हणाली. दुकानदार घेईल की नाही माहीत नाही. बर्फावर अजून तिचा विश्वास बसलेला नाही. काल रात्री उलट विचारणा आली: "अंडं नको, हे त्या रोटीवाल्याला कसं सांगायचं?" मी लिहिलं, "माय साय खाय." तिने लगेच फोन केला. "अगं, नको म्हणायचंय मला, आणि तू खाय काय म्हणायला लावतेस?" तिला सांगितलं, तिकडे खाय म्हणजे अंडं. आता स्वयंपाकघरात तेच घोकत बसलीय.