फाटकातला हवालदार

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एका तरुण रहिवाशाने, गाडी बाहेर काढायला दोन मिनिटे उशीर झाला म्हणून, वॉचमनकाकांना चारचौघांत एकेरीत झापले. काकांच्या छातीवर पदके होती, कारण १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन आणि ते त्याच्या कार्यक्रमाहून थेट ड्युटीवर आले होते. मी तिथेच उभा होतो आणि गप्प राहिलो, याची लाज दिवसभर जात नाही.

माझे वडील जंगी पलटणीचे, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे, हवालदार. डिसेंबर १९७१ च्या युद्धात ते आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला लढले आणि निवृत्तीनंतर फोर्टमधल्या एका कचेरीच्या दारात पहाऱ्याला उभे राहिले. मी दहा वर्षांचा असताना त्यांचा डबा घेऊन गेलो, तेव्हा एका साहेबाने गाडीची किल्ली त्यांच्या पायाशी फेकली. बाबांनी ती उचलली, रुमालाने पुसली आणि त्याच्या हातात दिली.

पलटणीला तरुण माणसे लागतात, म्हणून २०२२ पूर्वी भरती झालेला शिपाई पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आत घरी येतो, नेमका मुलांच्या शिक्षणाचा खर्च अंगावर येतो तेव्हा. म्हणून तो आपल्या फाटकात उभा असतो. समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन ही योजना २०१५ मध्ये लागू झाली, पेन्शन वाढले, हे मान्य. पण रुमालाने पुसलेल्या त्या किल्लीची भरपाई कोणत्या योजनेत बसते?

७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनी, तांबडा, गडद निळा आणि फिकट निळा असा तिरंगी पट्ट्यांचा छोटा ध्वज आपण खिशाला लावतो, डब्यात नोट टाकतो, तेही हवेच. मात्र पहिले भारतीय लष्करप्रमुख फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली ज्या तारखेला निवृत्त झाले, तिची आठवण म्हणून पाळला जाणारा १४ जानेवारीचा हा दिवस संक्रांतीच्या गडबडीत आपण साफ विसरतो. वास्तविक तिळगूळ घेऊन दारोदार जाण्याचाच हा सण आहे आणि फाटक तर रोजच्या वाटेवर आहे!

संध्याकाळी मी तिळगूळ घेऊन खाली गेलो, सकाळच्या गप्प बसण्याबद्दल काकांची माफी मागितली आणि बाबांविषयी सांगितले. "पलटण कोणती?" त्यांनी विचारले. "जंगी पलटण," मी म्हणालो. काका खुर्चीतून उठले, सावधान उभे राहिले आणि मग दोन्ही हात पुढे करून त्यांनी तिळगूळ घेतला.