रेसबरोबर कुईं वाजतं म्हणजे अल्टरनेटर गेला? नाही हो!

आपल्या जालन्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'गाडीच्या स्टिरिओला ॲम्प्लिफायर बसवल्यावर रेस वाढवली की कुईं आवाज येतो? अल्टरनेटर बदला, नाहीतर एक फॅरडचा कपॅसिटर टाका.' ओळखीतल्या दोघांनी कपॅसिटर घेतलेही. कुईं तशीच, म्हणून हा खुलासा. (अल्टरनेटर म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र.)

कपॅसिटरचं काम वेगळं. बेसच्या ठोक्याला हेडलाइट मंद होत असतील तर तो थोडा आधार देतो, बस. कुईंचं मूळ बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या निगेटिव्ह वायरीत असतं. स्टिरिओची अर्थ डॅशबोर्डमागे, ॲम्पची डिकीत. दोन्हींत व्होल्टेजचा किंचित फरक पडला की अल्टरनेटरची लहर आरसीए वायरीतून (स्टिरिओचा आवाज ॲम्पला नेणारी वायर) ॲम्पमध्ये शिरते आणि स्पीकरला पोचते.

आधी ॲम्प बंद करून आरसीए काढा, मग गाडी आणि ॲम्प चालू करा. आवाज गेला तर दोष स्टिरिओकडच्या बाजूला किंवा वायरीत. राहिला तर ॲम्पची अर्थ बघा.

परवा एका गाडीत अर्थचा बोल्ट वरून चकचकीत, पण लगखाली (वायरीच्या टोकाची कडी) पांढरा रंग तसाच! पॉलिश पेपरने पत्रा उघडा केला, बोल्ट आवळला, कुईं बंद. खर्च फक्त पॉलिश पेपरचा.

अल्टरनेटर अगदीच निर्दोष असतो असं नाही, त्यातला डायोड (एसीचं डीसी करणारा भाग) जातो कधीकधी. गाडी चालू असताना मल्टिमीटर एसीवर ठेवून बॅटरी तपासा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं, तरच अल्टरनेटर उतरवायचं बोला.